यादीबाहेरची नायिका

ऑस्करचा मोसम आला की जगभरच्या चित्रपटप्रेमींमध्ये एक जुना वाद नव्याने सुरू होतो. आजवर ज्यांना ही पारितोषिके मिळाली, त्यांच्यातले खरे मानकरी किती आणि नशिबाने तरलेले किती? कोणत्या वर्षीचे कोणते नाव खोडून तिथे दुसरे लिहायला हवे? या वादात पडणारी माणसे हौशी असली तरी कच्ची नसतात. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे चित्रपट ती शोधून शोधून पाहतात, नामांकनांची यादी समोर ठेवतात आणि एकेका भूमिकेचा हिशेब मांडतात.

या वादात हमखास निघणारे एक साल म्हणजे १९३७. त्या सालच्या चित्रपटांची पारितोषिके १० मार्च १९३८ रोजी लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात वाटली गेली. उत्कृष्ट अभिनेत्रीसाठी पाच नावे होती. ‘कमील’साठी ग्रेटा गार्बो, ‘द ऑफुल ट्रुथ’साठी आयरीन डन, ‘स्टेला डॅलस’साठी बार्बरा स्टॅनविक, ‘अ स्टार इज बॉर्न’साठी जॅनेट गेनर आणि ‘द गुड अर्थ’साठी लुईझे रायनर. पारितोषिक रायनरला मिळाले. आदल्या वर्षी ‘द ग्रेट झिगफेल्ड’साठीही तिलाच मिळाले होते. अभिनयाचे ऑस्कर लागोपाठ दोनदा मिळवणारी ती पहिलीच. चित्रपटप्रेमी म्हणतात, हा अन्याय झाला. गार्बोला स्पर्धेतले ऑस्कर आयुष्यात कधीच मिळाले नाही. डनला नाही, स्टॅनविकलाही नाही. मग रायनरचे दुसरे ऑस्कर काढून यांच्यापैकी एकीला द्यायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. पण ज्या भूमिकेसाठी हे पारितोषिक दिले गेले, ती भूमिका कोणाची होती? ‘द गुड अर्थ’मधली ओ-लान ही चीनची कष्टकरी शेतकरीण. ती साकारली जर्मनीत जन्मलेल्या गोऱ्या नटीने, चेहऱ्याला रंगरंगोटी करून. आणि ओ-लान करायला आपण तयार आहोत असे उघड सांगणारी, तीन खंडांत नाव झालेली चिनी वंशाची अभिनेत्री त्याच लॉस एंजेलिस शहरात राहत होती. तिचे नाव अ‍ॅना मे वाँग. पाच जणींच्या यादीत ती नव्हती. यादी होण्याच्या कितीतरी आधी, भूमिका वाटल्या जात होत्या तेव्हाच तिच्यासाठी दार बंद झाले होते.

अ‍ॅना मेचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. घरचे नाव वाँग लिउ-त्सोंग. वडील वाँग सॅम सिंग यांचा जन्मही कॅलिफोर्नियातलाच. म्हणजे अमेरिकेच्या मातीत जन्मलेली ही दुसरी पिढी. वडिलांचे धुलाईचे दुकान होते. सोन्याच्या खाणींतून आणि चांगल्या मजुरीच्या कामांतून हुसकावले गेल्यावर अमेरिकेतल्या असंख्य चिनी माणसांच्या वाट्याला गोऱ्यांचे कपडे धुण्याचे काम उरले होते. धंदा माणसाने निवडायचा की जन्माने ठरवायचा, हा प्रश्न फक्त आपल्याच देशाचा नव्हता. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली आणि चीनमधून आलेल्यांना नागरिकत्वही नाकारले. हा कायदा १९४३ पर्यंत टिकला.

शाळेत काय झाले ते अ‍ॅना मेने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. गोरी मुले तिची वेणी ओढत, वंशावरून चिडवत. मागच्या बाकावरचा एक मुलगा तिला टाचणी टोचायचा, चिनी माणसाला दुखते का हे पाहायला. तिने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी ती जाड कोट घालून वर्गात बसली. शेवटी आईवडिलांनी तिला आणि थोरल्या बहिणीला त्या शाळेतून काढून चिनी मुलांच्या मिशनरी शाळेत घातले. वर्गातली ही टाचणी ज्यांच्या घरात कोणाला ना कोणाला टोचली आहे, त्यांना ती समजावून सांगायला नको.

हॉलिवूड त्या काळात तिच्या डोळ्यांसमोर उभे राहत होते. चायनाटाऊनच्या गल्ल्यांत चित्रीकरण चाले. धुतलेल्या कपड्यांची गाठोडी पोचवायची, बक्षिसाचे पैसे साठवायचे आणि चित्रपटगृहात जाऊन बसायचे, असा या मुलीचा क्रम होता. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. १९१९ साली ‘द रेड लँटर्न’ या चित्रपटासाठी शेकडो चिनी माणसे एक्स्ट्रा म्हणून हवी होती. त्या गर्दीत हातात कंदील घेतलेली चौदा वर्षांची अ‍ॅना मे होती. चित्रपटाची नायिकाही अर्धी चिनी वंशाची होती, पण ती भूमिका आला नाझिमोव्हा या गोऱ्या अभिनेत्रीने केली होती. गर्दी खऱ्या चिनी माणसांची आणि नायिका रंगवलेली, हा नियम तिने पहिल्याच दिवशी पाहिला.

१९२१ मध्ये तिने शाळा सोडली. १९२२ साली, सतराव्या वर्षी, ‘द टोल ऑफ द सी’ या सुरुवातीच्या रंगीत चित्रपटात तिला पहिली मुख्य भूमिका मिळाली. कथा अशी की, चिनी मुलगी समुद्रातून वाचवलेल्या गोऱ्या माणसावर प्रेम करते, तो तिला सोडून जातो, पुढे गोऱ्या बायकोला घेऊन परत येतो. मुलगी आपले बाळ त्यांच्या हवाली करते आणि समुद्रात चालत जाते. समीक्षकांनी तिचे मनापासून कौतुक केले. दोन वर्षांनी ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये डग्लस फेअरबँक्ससारख्या बड्या नटाबरोबर ती मंगोल गुलाम स्त्री म्हणून झळकली आणि तिचे नाव जगभर गेले.

नाव झाले, पण भूमिका बदलल्या नाहीत. एक तर सोसून मरणारी बाहुली, नाही तर कारस्थानी विषकन्या. दोन्हींचा शेवट ठरलेला. गोऱ्या नायकाचा संसार गोऱ्या नायिकेबरोबर मार्गी लागावा म्हणून हिने मरायचे. पडद्यावर आपण किती वेळा मेलो याची ती पुढे स्वतःच थट्टा करत असे.

या साचाला कंटाळून १९२८ साली ती युरोपात गेली. बर्लिनमध्ये तिने मुख्य भूमिका केल्या, जर्मन शिकली, फ्रेंच शिकली. १९३० च्या सुमारास तिचा एक बोलपट इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांत निघाला आणि तिन्हींत तीच बोलली. व्हिएन्नाच्या रंगमंचावर तिने जर्मनमध्ये संगीत नाटक केले. लंडनमध्ये १९२९ साली लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर उभी राहिली. तिथे समीक्षकांनी तिच्या अमेरिकन उच्चारांना नाके मुरडली, तर तिने शिकवणी लावून उच्चार बदलून टाकले. त्याच वर्षीच्या ‘पिकॅडिली’मध्ये हॉटेलच्या मोरीत भांडी घासणारी आणि तिथून नाचाच्या मंचावर पोचणारी शोशो तिने अशी उभी केली की आजही अभ्यासक तो चित्रपट तिच्यासाठी पाहतात. अर्थात शोशोचाही शेवटी खून होतोच.

ती अमेरिकेची जन्मजात नागरिक होती. तरीही देशाबाहेर जाताना दर वेळी तिला एक सरकारी फॉर्म भरावा लागे. आपण खरोखर इथलेच आहोत आणि परत येण्याचा आपल्याला हक्क आहे, हे चिनी चेहऱ्याच्या माणसाला आधी सिद्ध करावे लागे. जिची छायाचित्रे युरोपातल्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकत होती, तिलाही यातून सूट नव्हती.

१९३० मध्ये ती परतली. १९३१ च्या ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’मध्ये नायिका ती. तिला मिळाले ६ हजार डॉलर. चिनी खलनायक रंगवणारा स्वीडिश नट वॉर्नर ओलँड पडद्यावर थोडाच वेळ दिसतो. त्याला मिळाले १२ हजार. १९३२ च्या ‘शांघाय एक्स्प्रेस’मध्ये मार्लिन डिट्रिशसारखी तारका समोर असताना रेल्वेच्या डब्यात शांत बसून सगळे काही डोळ्यांनी सांगणारी हुई फेई तिने केली. त्याच वर्षी एमजीएम स्टुडिओने ‘द सन-डॉटर’ काढला. नायिका चिनी. भूमिका हेलन हेजला गेली. अ‍ॅना मे त्यांना जरा जास्तच चिनी वाटली म्हणे!

आता ‘द गुड अर्थ’कडे येऊ. पर्ल बक यांची ही कादंबरी १९३१ साली आली, १९३२ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. दुष्काळात आईबापांनी विकलेली, मोठ्या वाड्यात गुलाम म्हणून राबलेली ओ-लान गरीब शेतकरी वाँग लुंगशी लग्न करते. नवऱ्याच्या बरोबरीने रान कसते, बाळंत होऊन पुन्हा कामाला लागते, दुष्काळात मुलांना जगवते. घरात पैसा आल्यावर नवरा लोटस नावाची दुसरी बाई आणतो. ओ-लान फारसे बोलत नाही. तिचे हात बोलतात. आपल्यापैकी अनेकांनी ही बाई घरातच पाहिली आहे, आजी म्हणून, आई म्हणून.

अमेरिकेतल्या चिनी समाजाची अपेक्षा होती की ही भूमिका अ‍ॅना मेलाच मिळेल. स्टुडिओने वाँग लुंगच्या भूमिकेसाठी पॉल मुनी या गोऱ्या नटाला घेतले आणि तिथेच प्रश्न मिटला. कारण १९३४ पासून हॉलिवूडमध्ये एक आचारसंहिता कडकपणे राबवली जात होती. तिच्यात वंशसंकराचे चित्रण निषिद्ध होते. संहितेचे शब्द गोऱ्या-काळ्यांच्या संबंधांपुरते होते, पण स्टुडिओवाले तीच मनाई आशियाई माणसांनाही लावत. म्हणजे चिनी शेतकरी गोरा नट करणार, तर त्याची बायकोही गोरीच हवी. दोन चिनी माणसांचा संसार दाखवायचा, पण त्यात खरा चिनी माणूस आला की तो गुन्हा!

हा निव्वळ स्टुडिओचा विक्षिप्तपणा नव्हता. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गोरा माणूस आणि चिनी माणूस यांचे लग्नच बेकायदा होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी १९४८ मध्ये रद्द केली आणि साऱ्या अमेरिकेतून अशी बंदी जायला १९६७ साल उजाडले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म गटाबाहेरच्या लग्नाला असलेल्या बंदीत आहे हे दाखवून दिले होते. १९३६ साली लाहोरच्या मंडळाने होऊ न दिलेले आपले भाषण त्यांनी पुस्तिका म्हणून छापले आणि त्यात मिश्रविवाह हा उपाय सांगितला. त्याच १९३६ साली कॅलिफोर्नियात ‘द गुड अर्थ’चे चित्रीकरण चालू होते. भिंत सगळीकडे सारखीच बांधली जाते. आधी लग्नावर पहारा बसतो, मग पंगतीवर, मग कामावर. चित्रपटातली भूमिका हे शेवटी कामच.

अ‍ॅना मेला विचारणा झाली ती लोटसच्या भूमिकेसाठी. घर फोडणारी बाई. तिने चाचणी दिली, पण आपले म्हणणे पत्रकारांसमोर स्पष्ट केले. ओ-लान द्या, आनंदाने करीन. पण गोरे नट-नट्या चिनी माणसे बनलेल्या चित्रपटात चिनी रक्ताच्या बाईने एकच वाईट भूमिका करावी, हे जमणार नाही. लोटसची भूमिका पुढे टिली लॉश या ऑस्ट्रियन नर्तकीने केली. म्हणजे दोन्ही जागा गोऱ्यांकडेच गेल्या.

इथे लुईझे रायनरविषयी न्यायाने बोलले पाहिजे. ती यहुदी होती. जर्मनीत तिच्याच लोकांवर अत्याचार चालू होते. ओ-लान तिने मन लावून केली, भडक रंगरंगोटीला शक्य तेवढा विरोध केला. दोन ऑस्करांनी आपले भलेपेक्षा नुकसानच केले, असे ती पुढे म्हणत राहिली. थोड्याच वर्षांत तिने हॉलिवूड सोडले. २०१४ साली, १०४ व्या वर्षी ती वारली. तिच्यावर राग काढून काही साधत नाही. तिने अ‍ॅना मेची जागा हिसकावली नाही. ती जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली होती. राखीव जागांवरून नाके मुरडणाऱ्यांनी हे आरक्षण जरा पाहावे. चिनी बाईची भूमिका गोऱ्या बाईसाठी राखीव, आणि त्यावर मिळालेले पारितोषिक मात्र शुद्ध गुणवत्तेचे!

बाहेरची दारे बंद असताना घरच्यांनी तरी जवळ केले का? तेही पुरते नाही. तिच्या भूमिकांमुळे चीनची बदनामी होते, असा राग चीनमधल्या सत्ताधाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना होता. ‘द गुड अर्थ’साठी स्टुडिओला सल्ला देणाऱ्या चिनी प्रतिनिधीनेही तिच्या नावाला विरोध केला होता. चांगली भूमिका गोरे देत नाहीत आणि वाईट भूमिका केली म्हणून आपलेच दोष देतात, अशा कात्रीत ती सापडली. १९३६ मध्ये ती चीनला गेली, वडिलांच्या मूळ गावी जाऊन आली, पेकिंगच्या रंगभूमीचा अभ्यास केला. तिथेही सत्कार झाले आणि निषेधही झाले. युरोपात तिला चिनी म्हणून पाहत, चीनमध्ये अमेरिकन म्हणून.

परत आल्यावर तिने आपल्या अटींवर काम मिळवण्याचा प्रयत्न केला. १९३७ च्या ‘डॉटर ऑफ शांघाय’मध्ये ती गुन्हेगारांना पकडून देणारी धाडसी मुलगी झाली. नायक होता कोरियन वंशाचा फिलिप आन. दोघे आशियाई, दोघे सज्जन आणि शेवटी दोघेही जिवंत. चित्रपट कमी खर्चाचा होता. पण २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. म्हणजे ज्या वर्षीच्या ऑस्करवर आज वाद होतो, त्याच वर्षी ती पडद्यावर होती, आणि चांगल्या भूमिकेत होती. तिच्याकडे पाहायला कोणी तयार नव्हते, इतकेच.

जपानने चीनवर हल्ला केल्यावर तिने आपले पोशाख लिलावात काढले, चित्रपटांची कमाई चीनच्या मदतीला दिली. तरी १९४३ मध्ये मादाम चँग कै-शेक हॉलिवूडला आल्या, त्यांच्यासाठी मोठमोठे तारे जमवले गेले, आणि त्या समारंभाचे बोलावणे अ‍ॅना मेला नव्हते. धुलाईवाल्याच्या पोरीची लाज वरच्या वर्गाच्या चिनी माणसांनाही वाटत होती.

१९५१ साली एका दूरचित्रवाणी मालिकेत ती मुख्य भूमिकेत आली. अमेरिकेत आशियाई वंशाच्या व्यक्तीची अशी ही पहिलीच मालिका. मालिकेच्या नावात तिचे जन्माचे नाव होते, लिउ-त्सोंग. आज तिचा एकही भाग शिल्लक नाही. शेवटची वर्षे आजारपणात, उदासीत आणि दारूत गेली. तिने लग्न केले नाही. १९६० मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर तिच्या नावाचा तारा बसला. आशियाई कलाकारांनी भरलेल्या ‘फ्लॉवर ड्रम साँग’मध्ये तिला काम मिळाले होते, पण त्याआधीच ३ फेब्रुवारी १९६१ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी हृदयविकाराने तिचा अंत झाला.

या कथेला एक मुंबईचा धागाही आहे. १९११ साली मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉन या मिश्र वंशाच्या अभिनेत्रीला १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी उत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले होते. पण त्यासाठी तिने आपला जन्म टास्मानियाचा सांगितला, आपल्या घरातल्या सावळ्या बाईला पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हटले आणि मरेपर्यंत ते खोटे निभावले. आडनाव बदलून शहरात खोली मिळवणारी माणसे आपण ओळखतो. मर्लने चेहरा लपवला म्हणून ती यादीत आली. अ‍ॅना मेचा चेहरा लपण्यासारखा नव्हता आणि तिने तो लपवलाही नाही.

२०२२ साली अमेरिकेच्या सरकारने पाव डॉलरच्या नाण्यावर अ‍ॅना मेचा चेहरा छापला. अमेरिकेच्या चलनावर आलेली आशियाई वंशाची ती पहिली अमेरिकन व्यक्ती. १२ मार्च २०२३ रोजी मलेशियाच्या मिशेल यो हिला उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हे पारितोषिक आशियाई स्त्रीला मिळण्याची ती पहिली वेळ. बिल्टमोर हॉटेलातल्या त्या रात्रीनंतर ८५ वर्षे लागली.

तेव्हा चित्रपटप्रेमींनी आपला वाद जरूर घालावा. गार्बो थोर होती, डनही थोर होती. पण त्या पाच नावांत कितीही अदलाबदल केली तरी यादी त्याच घराची राहते. परीक्षकांनी मत चुकीचे दिले असेल, तर ती चूक एका रात्रीची. उमेदवारालाच उंबऱ्यावर अडवले असेल, तर ती चूक त्या व्यवस्थेची आहे, आणि ती विजेत्यांची नावे बदलून दुरुस्त होत नाही. पुरस्कार चित्रपटाचा असो, साहित्याचा असो वा विद्यापीठातल्या नेमणुकीचा, यादी हातात आली की कोण जिंकले एवढेच पाहून थांबू नये. तिच्यात येण्याची संधीच कोणाला मिळाली नाही, ही नावे आपण शोधून लिहिली पाहिजेत. अ‍ॅना मे वाँग हे त्यातले एक.